मागच्या वेळचं दुखणं विसरत नाही, पुन्हा कोलोनोस्कोपी कशी करून घेऊ?

सिस्टरताई, माझं वय ५८. वाई तालुक्यातल्या एका गावात राहते. पाच वर्षांपूर्वी शौचातून रक्त पडलं म्हणून मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली. एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंभ, सापडला, तो तिथेच काढला. कॅन्सर नव्हता. पण ती पाऊण तासाची तपासणी माझ्या मनातून जात नाही. गुंगी दिली नव्हती. कुणी आतडं धरून पिळतंय असं वाटत होतं. मी ओरडले तर "शांत राहा, बाहेर पेशंट बसलेत" असं ऐकवलं, आणि शेवटी नळी ओढून काढल्यासारखी काढली. आता डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे, या वेळी पुण्यात. मुलगी तिथे असते. सध्या त्रास काहीच नाही, म्हणून मी चालढकल करते आहे. घरचे म्हणतात, दोन बाळंतपणं सोसलीस, गर्भपिशवीचं ऑपरेशन सोसलंस, याला काय घाबरायचं? मी खरंच भित्री आहे का? न दुखता ही तपासणी होते का? आणि आषाढी वारीला मी दरवर्षी लोणंदपासून चालते, ते यंदा जमेल का?

— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

तुम्ही भित्र्या नाही. घरच्यांनी ज्या दोन गोष्टी तुम्हाला धीर यावा म्हणून सांगितल्या, त्यांतली एक, गर्भपिशवीचं ऑपरेशन, हेच तुमचं दुखणं वाढण्याचं एक मोठं कारण असू शकतं. तुम्ही नाजूक आहात म्हणून दुखलं असं नाही. तुमचं आतडं कसं वळलंय, कुठे चिकटलंय आणि त्यातून नळी कशी नेली, यावर ते दुखणं ठरलं.

मी २६ वर्षं एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर होते. सुरुवातीच्या वर्षांत मीही पेशंटला "थोडं सोसा, झालंच" म्हणत असे. एकदा एक वयस्क शेतकरी बाई अख्खी तपासणी होईपर्यंत हूं की चूं करीना. मला वाटलं, किती छान झालं. त्यांना उठवून बसवताना पाहिलं, तर तोंडात कोंबलेल्या पदरावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. त्या दिवसापासून गप्प पेशंट बघून मला कधी बरं वाटलं नाही. तुम्ही ओरडलात ते योग्यच केलंत. तो आवाज ऐकून हात थांबायला हवा होता. तुम्हाला गप्प केलं, ही चूक त्या खोलीतल्या माणसांची.

आता दुखतं कशाने ते नीट सांगते, कारण ते कळलं की काय मागायचं तेही कळेल.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला कापलेलं कळत नाही. चिमट्याने तुकडा घेतला, तारेचा फास टाकून पॉलिप काढला, तरी पेशंटला पत्ता लागत नाही. तुमचा पॉलिप काढला तो क्षण तुम्हाला आठवतच नसेल. आतड्याला कळतो तो ताण. तो दोन गोष्टींनी पडतो. आत भरलेली हवा आणि नळीला पडलेलं वेटोळं.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं आणि दुर्बिणीची नळी करंगळीएवढी जाड. शौचाच्या जागेपासून थोडं वर, पोटाच्या डाव्या खालच्या बाजूला आतड्याचा एक नागमोडी भाग असतो. तो पोटाच्या मागच्या भिंतीला घट्ट बांधलेला नसतो, एका पडद्यावर सैल लोंबकळत असतो. मागून नळी नुसती ढकलली तर टोक पुढे जात नाही, हा सैल भागच फुग्यासारखा वर उचलला जातो आणि त्याचा पडदा ताणला जातो. आतडं धरून पिळल्यासारखं वाटलं असं तुम्ही लिहिलंय ना, ते हेच.

परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण काय करतो ते आठवा. पिन नुसती पुढे रेटली तर ती अडते, वाकडी होते, कापडाला भोक पाडते. म्हणून आपण पिन थोडी पुढे नेतो, कापड तिच्यावर चुण्या करून मागे घेतो, पुन्हा थोडी पुढे. हात बसलेला डॉक्टर अगदी तेच करतो. थोडं पुढे, मग नळी मागे ओढून आतडं तिच्यावर गोळा करायचं, वेटोळं सोडवायचं, मग पुढे. अशी सरळ केलेली नळी ७०-८० सेंटिमीटर आत गेली तरी आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला पोचलेली असते. दीड मीटरचं आतडं तेवढ्यात मावतं, कारण ते चुण्यांसारखं नळीवर बसलेलं असतं. ढकलत नेलेली नळी मात्र दीड मीटर आत जाऊनही टोक गाठत नाही, आणि पेशंट घामाघूम.

बायकांना हे जास्त दुखतं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात मोजमापं घेतली तेव्हा दिसलं की बायकांचं मोठं आतडं पुरुषांपेक्षा सरासरीने थोडं लांब असतं, आणि ते बसवायचं असतं लहान चणीत. ते ओटीपोटात खोल उतरतं. त्यात गर्भपिशवी काढलेली असेल तर तिथे आतडं आतल्या व्रणाला चिकटून एका जागी धरलं जातं आणि तिथलं वळण काटकोनासारखं होतं. बाई अंगाने बारीक असेल तर आणखी अवघड, कारण पोटात चरबीचा आधार नसतो आणि वेटोळं मोकळं सुटतं. म्हणून "बाळंतपणं सोसलीस" हा दाखला इथे कामाचा नाही. पुण्याच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगा: गर्भपिशवी काढलेली आहे, मागची तपासणी गुंगीशिवाय झाली, आणि ती फार दुखली. मागचा रिपोर्ट न्याच. नळी कुठपर्यंत गेली, पोट किती साफ होतं, पॉलिप केवढा आणि कुठे होता, हे त्यात लिहिलेलं असतं.

हे ऐकल्यावर चांगला डॉक्टर स्वतःहूनच बारीक आणि जास्त लवचीक नळी काढतो. मुलांसाठीची बारीक नळी मोठ्यांनाही वापरता येते, आणि काही नळ्यांचा ताठपणा तपासणी चालू असताना कमी-जास्त करता येतो. ऑपरेशन झालेल्या बायकांमध्ये याचा खूप फरक पडलेला मी पाहिलाय. त्यांनी विषय काढला नाही तर तुम्ही विचारा, "माझ्यासाठी बारीक नळी मिळेल का?" असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

दुसरं विचारायचं ते हवेबद्दल. आतडं मिटलेलं असतं, ते उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून आत काहीतरी भरावंच लागतं. पूर्वी सगळीकडे साधी हवा भरत. हवेत बहुतांश नायट्रोजन, तो आतड्यातून रक्तात शोषला जात नाही म्हटलं तरी चालेल. मग तपासणीनंतर तासन्‌तास पोट ढोलासारखं आणि कळा. त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड भरला तर तो नायट्रोजनच्या दीडशे पट वेगाने शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. घरी जाताना पोट हलकं असतं. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच केंद्रांत ही सोय आता आहे. फुप्फुसाचा जुना मोठा आजार असणाऱ्यांनी मात्र तो आधी सांगायला हवा.

तिसरी पद्धत पाण्याची, आणि ती मला मनापासून आवडते. आत जाताना हवा न भरता कोमट पाणी सोडत जायचं. पाण्याच्या वजनाने तो नागमोडी भाग खाली बसतो, वळणं सरळ होतात, आतडं फुगत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ माजी सैनिकांच्या एका दवाखान्यात २००२ च्या सुमारास सिस्टर कमी पडल्या म्हणून गुंगी देणं थांबवावं लागलं. तिथल्या डॉ. फेलिक्स लियुंग यांनी मग गुंगीशिवाय पेशंटला कमीत कमी दुखावं म्हणून ही पाण्याची रीत बारकाईने बसवली. पुढे अनेक ठिकाणी हवा आणि पाणी यांची तुलना झाली आणि पाण्याने दुखणं कमी होतं हे दिसत गेलं. आत जाताना घाण पाणी ओढून स्वच्छ पाणी सोडत गेलं तर पॉलिपही जास्त सापडतात. वेळ थोडा जास्त लागतो. गर्दीच्या यादीत काही डॉक्टर हे टाळतात, पण तुमच्यासारख्या पेशंटसाठी तो वेळ द्यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गुंगी. तुम्ही गुंगी घ्या. त्यात मला शंका नाही.

ती दोन तऱ्हांची असते. एकीत हाताच्या शिरेतून मिडाझोलमसारखं झोपाळू करणारं आणि फेंटानिलसारखं वेदना मारणारं औषध देतात. तुम्ही अर्धवट जाग्या असता, हाक मारली तर ओ देता, कूस बदला म्हटलं तर बदलता, पण धार बोथट होते आणि नंतर फारसं आठवत नाही. दुसरीत भूलतज्ज्ञ प्रोपोफॉल देतात. तेव्हा झोपच लागते, डोळे उघडता तेव्हा सगळं झालेलं असतं. भूलतज्ज्ञांचं शुल्क बहुधा वेगळं असतं, ते आधीच विचारून घ्या, आयत्या वेळी पैशांपायी नको म्हणायची वेळ येऊ नये. घोरण्याचा मोठा त्रास, दमा, झोपेच्या गोळ्या, आधी कुठल्या भुलीने झालेला त्रास, सगळं सांगायचं. काही ठिकाणी आतड्याचा मुरडा थांबवायचं इंजेक्शनही देतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर त्याआधी सांगायला हवं.

पण सगळा भार गुंगीवर टाकू नका. गाढ झोपेत वेटोळं पडतंच, फक्त तुम्हाला कळत नाही, आणि "थांबा" म्हणणारं कुणी उरत नाही. हात हलका नसेल तर त्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पोटाने चुकता होतो. म्हणून गुंगी घेतली तरी बारीक नळी आणि कार्बन डायऑक्साइड किंवा पाणी यांबद्दल विचारायचंच. नॉर्वेसारख्या देशात कितीतरी लोक गुंगीशिवाय ही तपासणी करून घेतात आणि चालत घरी जातात. ते तुमच्या-माझ्यापेक्षा शूर आहेत असं नव्हे. (इंग्लंडमध्ये राहणारे वाचक असतील तर त्यांच्यासाठी: तिथे तोंडाने ओढायचा एंटोनॉक्स वायू मिळतो, त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. सुई नको असेल तर तो जरूर मागा.)

एक काम असं आहे ज्याची नोंद पेशंटच्या कागदावर कुठेच नसते, आणि ते आम्हा सिस्टरांचं. नळी पुढे जाईना की डॉक्टर म्हणतात, "पोट धरा." मग मी बेंबीच्या खाली डावीकडे तळहात सपाट ठेवायचे. बोटं रोवायची नाहीत, नुसता तळहात. आतलं वेटोळं वर येताना हाताखाली कळतं, पोळी फुगताना कळते तसं. तिथे हळू आणि ठाम धरून ठेवलं की वेटोळ्याला उठायला जागा राहत नाही, नळीचं टोक पुढे सरकतं आणि पेशंटचा आवळलेला श्वास सुटतो. तेही जमलं नाही तर कूस बदलायची. सुरुवात डाव्या कुशीवर होते, मग उताणं, कधी उजवी कूस. कूस बदलली की आतड्याची वळणंच बदलतात. पुष्कळदा दहा मिनिटांच्या ढकलाढकलीने जे होत नाही ते एका कुशीने होतं. तुम्हाला पाऊण तासात एकदा तरी कूस बदलायला सांगितलं होतं का? आठवून पाहा. या वेळी तुम्ही स्वतः म्हणू शकता, "मी कूस बदलू का?"

जाग्या असाल तर आणखी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. श्वास रोखू नका. रोखला की पोट घट्ट होतं आणि नळीशी झुंजतं. लांब श्वास सोडत राहिलात तर पोट सैल पडतं. आणि वारा सरायला आला तर सरू द्या. किती बायका त्या लाजेपायी सगळी हवा आत धरून ठेवतात आणि कळांनी कासावीस होतात. ती हवा आम्हीच भरलेली असते, तिला ना वास, ना त्यात लाज. आम्हाला तो आवाज ऐकला की बरं वाटतं, पेशंट हलका झाला म्हणून. खूण आधीच ठरवा: "मी हात वर केला की थांबायचं." झोपायच्या आधी हे डॉक्टरांशी आणि सिस्टरशी बोलून घ्या. नुसतं थांबता येतं हे माहीत असलं की दुखणं निम्म्यावर आलेलं मी पाहिलंय. मुलीला सांगून फोनवर तुमचे आवडते अभंग आणि इअरफोन न्या. बऱ्याच ठिकाणी परवानगी देतात, आणि संगीत चालू असलं की पेशंटची घालमेल कमी होते.

आता त्या न विसरणाऱ्या आठवणीबद्दल. याचा अभ्यास नेमका कोलोनोस्कोपीवरच झालाय. टोरांटोचे डॉ. डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी १५४ पेशंटना तपासणी चालू असताना दर मिनिटाला विचारलं, आत्ता किती दुखतंय? कुणाची तपासणी चार मिनिटांत आटोपली, कुणाची तासाहून जास्त चालली. नंतर त्यांना विचारलं, एकूण किती दुखलं? १९९६ साली त्यांनी छापलं ते असं: आठवणीत किती वेळ दुखलं याला जवळजवळ जागाच नव्हती. सगळ्यांत वाईट क्षण कोणता होता आणि शेवटची काही मिनिटं कशी गेली, यांवरच आठवण ठरत होती. पुढे ६८२ जणांवर त्यांनी करून पाहिलं. निम्म्या लोकांत शेवटी नळी लगेच न काढता तिचं टोक शौचाच्या जागेत दोन-तीन मिनिटं नुसतं स्थिर ठेवलं. तिथे दुखत नाही, नुसतं अवघडल्यासारखं होतं. त्या लोकांना पूर्ण तपासणी कमी दुखरी आठवली. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. कानेमन यांना आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

तुमची वाईट कळ जीवघेणी होती, आणि शेवट ओढून काढण्याचा. आठवण पक्की बसायला हवं ते सगळं त्या खोलीत घडलं होतं. तुमच्यासाठी तपासणी मुद्दाम लांबवावी असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना सांगून ठेवा, "शेवटी आतली हवा ओढून घ्या आणि नळी सावकाश काढा." तसंही आतडं नीट पाहायचं तर बाहेर येताना निदान सहा मिनिटं द्यावीच लागतात. पॉलिप शोधायचे असतात ते बाहेर येतानाच.

पोट साफ करण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण अर्ध्याहून अधिक हाल तिथे होतात आणि ते टाळता येतात. पोट नीट साफ नसेल तर डॉक्टरला आत धुवत बसावं लागतं, जास्त वेळ, जास्त हवा, जास्त दुखणं, आणि कधीकधी सगळं पुन्हा. आधीचे दोन-तीन दिवस चोथा कमी करा. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, टोमॅटो, पेरू, डाळिंब बंद. बारीक बिया नळीच्या तोंडात अडकतात आणि पाणी ओढणंच बंद पडतं. मऊ भात, बिनसालीच्या मुगाचं वरण, रव्याचं काही, उकडलेला बटाटा, दही, अंडं चालेल. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसेल असं: शहाळ्याचं पाणी, लिंबू सरबत, वरणाचं वरचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि कलिंगडाचा रस नको. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

जुलाबाची पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात कालवायची असते. ती सगळी एका रात्रीत पिण्याचा हट्ट आता कुणी करत नाही. निम्मी आदल्या संध्याकाळी, निम्मी तपासणीच्या पाच-सहा तास आधी. अशाने पोट जास्त साफ होतं आणि मळमळही कमी होते. गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला घोट सोडत प्या, मधे लिंबाची फोड चोखा. उलटी आली तर अर्धा तास थांबा आणि हळू पुन्हा सुरू करा. पहिला जुलाब होण्याआधीच शौचाच्या जागी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा हात लावा, नंतर पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, चोळू नका. दहाव्या फेरीला माझी आठवण काढाल. आणि म्हणूनच सांगते, आदल्या दिवशीच पुण्याला मुलीकडे मुक्कामाला जा. पहाटेचा डोस घेऊन वाईहून एसटीत बसायचं नाही.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र आपल्या मनाने काहीच करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसंच. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या.

"सीटी स्कॅनने नाही का होत?" असं घरात कुणी म्हणेल. होतं, पण पोट तसंच साफ करावं लागतं, शौचाच्या जागेतून वायू तसाच भरतात, आणि पॉलिप दिसला तर काढायला पुन्हा दुर्बीणच. एकदा पॉलिप निघालेल्या माणसाला दुर्बीणच बरी. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा वर्षं लागतात, त्या मधल्या काळात तो काढला की तो रस्ताच बंद होतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. विल्यम वुल्फ आणि डॉ. हिरोमी शिन्या यांनी नळीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागे.

तपासणीनंतर थोड्या वाताच्या कळा येतात. चालत राहा, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडा, वारा सरला की बरं वाटतं. गुंगी घेतल्यावर २४ तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, आणि सोबत माणूस हवा. पोट वाढत्या कळेने दुखायला लागलं, दगडासारखं कडक झालं, ताप आला, चक्कर आली, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयात जायचं. आतड्याला भोक पडणं हजारात एखाद्यालाही क्वचितच होतं, पण झालं तर लवकर कळणं महत्त्वाचं.

राहिली वारी. नुसतं पाहून काही सापडलं नाही तर दोन-तीन दिवसांत चालायला हरकत नसते. पण पॉलिप काढला तर त्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत उशिरा रक्तस्राव होऊ शकतो, मोठा असेल तर जास्तच. तरडगाव ते फलटणच्या वाटेवर, लाखोंच्या गर्दीत तो व्हायला नको. म्हणून एकतर पालखी लोणंदला यायच्या निदान तीन आठवडे आधी तपासणी उरकून घ्या, नाहीतर वारीनंतर. तुम्हाला आता रक्त पडत नाही, वजन घटलेलं नाही, शौचाची सवय बदललेली नाही, हिमोग्लोबिन ठीक आहे, असं असेल तर ठरलेल्या फेरतपासणीला दीड-दोन महिने उशीर झाल्याने सहसा बिघडत नाही. तरी डॉक्टरांना फोन करून विचारा. यातलं एकही लक्षण असेल तर मात्र वारीची वाट पाहू नका.

नंतर करायचं ठरलं तर तारीख आत्ताच घ्या, आणि मुलीला ती तिच्या फोनमध्ये टाकायला सांगा. पंढरपूरहून आल्यावर निदान आठ दिवस मधे जाऊ द्या. उन्हापावसात चालून अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि ती पावडर आणखी पाणी काढते. त्या आठ दिवसांत भरपूर पाणी प्या, पाय शेकून घ्या, आणि मग पुण्याला जा.